एकाच बाजूचं अस्तर

प्रिय हर्षाली,

तुला आणि तुझ्या पोटातल्या पाहुण्याला या म्हातारीचा आशीर्वाद. पत्र बघून हसू नकोस. घरात फोन आहे, मला माहीत आहे. पण त्या फोनवर आधी तुझी आई बोलते, मग तुझा बाप बोलतो, आणि माझा नंबर लागेपर्यंत तू ‘आजी, गोळ्या घेतेस ना’ एवढं विचारून ठेवायच्या घाईला आलेली असतेस. वर तो स्पीकर लावलेला. स्पीकरवर कधी कोणी मनातलं बोललंय का? आणि माझं मन सध्या एका जागी नाही, बाई. बैस म्हटलं तर बसवत नाही. गॅलरीत जाते, जेलरोडच्या रिक्षा बघते, परत आत येते, तुळशीला पाणी घातलंय हे विसरून पुन्हा घालते. शेवटी तुझी आईच म्हणाली, आत्याबाई, तुमचं काही हरवलंय का? म्हटलं, हो, ऊठ त्या मशीनवरून आणि कागद घे, मला हर्षालीला पत्र घालायचं आहे. तेव्हा अक्षर तुझ्या आईचं आणि बोलणं माझं. शनिवारी तुझे संतोषराव ड्यूटीवरून नाशिकरोडला उतरणार आहेत, त्यांच्या हाती पाकीट देते. चिकटवून देते. रेल्वेच्या माणसाला दुसऱ्याचं सामान न उघडता पोचवायची सवय असते, असं धरून चालते.

आधी तुझं. गेल्या आठवड्यात तू रडत फोन केलास की छाती जड झालीय, ठणकते, आणि ब्लाउजला पिवळसर चिकट डाग पडतायत. तुझी आई एका बाईच्या पैठणीवरचा ब्लाउज कापत होती. कात्री कापडातच सोडून उठली. म्हणाली, आत्ताच्या आत्ता चप्पल घाल आणि डॉक्टरकडे जा; अंगात नवं काही दिसलं की आधी दाखवायचं, काळजी मग करायची. तू गेलीस, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की घाबरू नको, हा चीक आहे, काहींना सातव्या महिन्यातच यायला लागतो, पिळून बघत बसू नको, सैल सुती कपडे घाल. मला विचारलं असतंस तर मीही तेच सांगितलं असतं. पण तू दाखवलंस हेच बरं केलंस. मंगला, ते तुझं वाक्य नीट लिहिलंस ना? आधी दाखवायचं, काळजी मग. छान वाक्य आहे. जरा ठळक लिही.

आता माझं. तुझ्या बापाने तुला फोनवर चाचरत सांगितलं असेल की आजीला गाठ आलीय. कुठे आली ते त्याने सांगितलं नसणार. माझ्याशी बोलतानाही तो ‘तिथे’ म्हणतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एवढ्या मोठ्या बॉयलरपाशी उभा राहणारा माणूस, पण आईच्या छातीचं नाव घ्यायचं म्हटलं की दीपकचा फ्यूजच उडतो. दोन वर्षांचा होईपर्यंत पदर ओढत मागे फिरायचा तेव्हा लाजला नाही! असो. मी त्याला सांगितलं होतं, उजव्या बाजूला आहे, काखेच्या अलीकडे. दिवाळीत हरभऱ्याएवढी होती, आता सुपारीएवढी झालीय. दुखत नाही. बोटाने ढकलली तर सरकत नाही. पोराचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून दवाखान्यात न्यायला तयार. मी म्हटलं, येते, पण सून सोबत हवी, आणि नुसती बाहेर बाकावर नको, आत हवी. तुझ्या आईने खूप कारणं सांगितली. लग्नसराई आहे, ब्लाउज द्यायचे आहेत, गिऱ्हाईक दारात उभं राहील. मी जमिनीवर बसूनच राहिले. म्हातारं माणूस जमिनीवर बसलं की त्याला उठवायला दोघं लागतात, आणि उठायचं नसलं तर चौघं.

डॉक्टरीणबाई तुझ्याएवढीच पोर होती, चष्मा लावलेली, हात गार. तिने दोन्ही बाजू तपासल्या, दोन्ही काखा तपासल्या, मला झोपवून तपासलं, बसवून तपासलं. मग थंड चिकट औषध लावून यंत्रानेही बघितलं. काही नाही! माझ्या छातीत आता आहे काय, हर्षे? दोन रिकाम्या पिशव्या. त्यात गाठ लपणार तरी कुठे? तिने मला विचारलं, आजी, नक्की कुठे लागली होती हाताला? मी पुन्हा सगळं सांगितलं, उजवी बाजू, काखेच्या अलीकडे, सुपारीएवढी. ती पोर म्हणाली, आजी, तुम्ही सांगताय तशी गाठ असते, पण तुमच्या अंगात ती नाहीये. मी म्हटलं, मग असेल कुठेतरी. आणि मी तुझ्या आईकडे बघितलं. डॉक्टरीणही तिच्याकडे बघायला लागली. त्याबरोबर तुझी आई म्हणाली, केसपेपर बाहेर राहिला, घेऊन येते. केसपेपर तिच्या हातात होता.

मंगला, कुकरची शिट्टी नव्हती ती, शेजारच्यांची आहे. बैस.

तर तुझी आई दाराबाहेर, आणि दार अर्धं उघडं. ती डॉक्टरीण हुशार निघाली. माझ्याशी बोलत होती पण आवाज बाहेरच्या बाकापर्यंत पोचेल असा. म्हणाली, आजी, छातीत गाठ लागली की बायकांना एकच आजार आठवतो आणि मग त्या भीतीने गप्प बसतात. पण गाठी नाना तऱ्हेच्या असतात. तरुण पोरींना होते ती गोटीसारखी बोटाखालून निसटते, ती बहुधा निरुपद्रवी. चाळिशीच्या पुढे कोणाला पाण्याने भरलेली पिशवी होते, सुईने पाणी काढलं की बसते. कधी मार लागून आतली चरबीच घट्ट होते. पाळीच्या आधी दोन्हीकडे दुखतं, गाठीगाठी लागतात, ते तर घरोघरी. पाजणारीचं दूध तुंबतं, सुजतं, ताप येतो. यातल्या बहुतेकींचं पुढे काही वाईट होत नाही. पण एखादीचं होतं. आणि कोणाची कसली ते नुसत्या बोटाने मलाही सांगता येत नाही, मग बाईला घरी बसून कसं कळणार? म्हणून फोटो काढायचा, सोनोग्राफी करायची, लागलंच तर सुईने कणभर काढून तपासायचं. लहान असताना सापडलं तर उपचारही सोपे. आणि दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, न दुखणारी तर आधी दाखवायची. मी कीर्तनाला बसल्यासारखी मान डोलवत होते. बाहेर तुझ्या आईने केसपेपरची पार गुंडाळी केली होती. घरी येताना रिक्षात ती तीच गुंडाळी मांडीवर सपाट करत होती. बिटको चौकात सिग्नलला मी म्हटलं, बरी होती गं डॉक्टरीण. तर म्हणे, वारा लागतोय, डोक्यावरून पदर घ्या.

दुखण्याचं मला राहून राहून नवल वाटतं. आपल्या देवळ्याच्या साळूबाई आठवतात तुला? त्या दर महिन्याला मरायच्या. पाळी जवळ आली की दोन्ही हात छातीवर धरून ओट्यावर यायच्या, बयाबाई, या खेपेला काही मी वाचत नाही, माझी बोरमाळ थोरलीला द्या. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या चाळीत सगळ्यांच्या पुढे. देवळ्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं, हे पाळीचं दुखणं आहे, आजार नाही. त्यांना ते पटलं नाही, पण साळूबाई अजून आहेत, आणि बोरमाळ अजून त्यांच्याच गळ्यात आहे. थोरलीचे केस पांढरे झाले वाट बघून.

आणि तुझ्या आईचं सांगते, जे तुला कोणी सांगितलं नसेल. तुला घेऊन ती माहेरहून आली आणि थोड्याच दिवसांत तिची डावी बाजू लाल झाली, दगडासारखी घट्ट. अंगात ताप, दात वाजतायत. आळीतल्या सगळ्या बाया जमल्या. एक म्हणे नजर लागली, एक म्हणे त्या बाजूचं दूध पोरीला देऊ नका, नजरेचं दूध बाधतं. मीठमोहऱ्या उतरून झाल्या. तू भुकेने घर डोक्यावर घेतलेलं. मी म्हटलं, नजर काढून झाली ना? आता जागा द्या. बाजारात जाणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरवर पोत्यांना टेकवून तिला बसवलं, तुला मी धरलं, आणि थेट दवाखाना. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण पाजणं बंद करू नका, त्याच बाजूने पाजा, दूध निघून गेलं की बरं वाटेल. डोळ्यांतून पाणी काढत पाजलं तिने तुला, माझी मांडी घट्ट धरून. उद्या तुला असं झालं तर लक्षात ठेव, पाजणं सोडायचं नाही आणि डॉक्टरला दाखवायचं. पण मी दुसरंच सांगत होते. त्या दिवशी परक्या पुरुष डॉक्टरपुढे चोळी सोडताना तुझ्या आईने लाज धरली नाही. तापाने तेवढी उसंतच दिली नाही. दुखणं ओरडतं म्हणून माणूस उठतं. न ओरडणाऱ्याचं काय करायचं?

आता जे सांगते ते बसून वाच. बसलीस? पाठीला उशी घे.

मला आता दिसतं कमी, पण तुझ्या आईच्या ब्लाउजांची तुरपाई आणि हुक अजून मीच लावते. ती सुईत दोरा ओवून देते, बाकीचं माझी बोटं करतात. संक्रांतीच्या आधी तिने स्वतःचे जुने ब्लाउज उसवून काहीतरी दुरुस्त केलं आणि चुकून दुसऱ्यांच्या गठ्ठ्यात तेही माझ्यापुढे आले. हाताला लागलं की उजव्या कटोरीला आतून मऊ मलमलीचं अस्तर आहे. डावीला नाही. दुसरा घेतला, तसंच. तिसरा, तसंच. शिवणाऱ्या बाईच्या हातून एका ब्लाउजला एका बाजूचं अस्तर राहून जाईल, मी म्हणेन घाई झाली. तिन्हींना कसं राहील? त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवली. वाळत घालताना ती डावा हात वर करते. झोपताना उजव्या कुशीवर वळत नाही. शेजारची साक्षी हळदीकुंकवाला आली, गळ्यात पडायला लागली, तर हिने मध्ये ताम्हन धरलं. मग एका दुपारी मटार सोलताना मी सरळ विचारलं. आधी म्हणे काही नाही. मग म्हणे, घामोळं आहे. थंडीत घामोळं! मग मटार सोलता सोलता हात थांबले आणि म्हणाली, आहे. दिवाळीत अंघोळ करताना हाताला लागली. दुखत नाही.

मंगला, मी काही वेगळं सांगत असले तर सांग. नाही ना? मग लिही. पदराने डोळे पूस आणि लिही, कागद ओला करू नको.

मी तेव्हाच उठले होते दीपकला फोन लावायला. तिने माझा हात धरला, तोच हात स्वतःच्या पोटाशी नेला, आणि म्हणाली, तुम्हाला हर्षालीच्या पोटातल्या जिवाची शपथ आहे, तोंडाने कोणालाही सांगायचं नाही. पोरीचं पहिलं बाळंतपण आहे. तिचं डोहाळजेवण व्हायचं आहे, ती माहेरी यायची आहे. एकदा दवाखान्यात गेलं की ते लोक सोडत नाहीत, आज हे तपासा, उद्या ते. मग तिला अंघोळ कोण घालणार, बाळाला शेक कोण देणार, तिच्याजवळ कोण बसणार? मोकळी झाली की मी दाखवते. कपाट उघडून दाखवलं मला तिने. डिंक, अळीव, खारीक, वावडिंग, सगळं आणून ठेवलंय. माझ्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवलीत, एकाच्या कडेला बारीक मोर काढलाय. एवढी तयारी केलीय बाईने. स्वतःसाठी काय केलं, तर मलमलीचं अस्तर. आणि मी शपथेत अडकले. शपथा मी मानत नाही असं म्हणायला काय जातं, पण ही पोटातल्यावर घातलेली होती. जीभ रेटेना. तुझ्या बापाला सांगवेना, डॉक्टरला सांगवेना. म्हणून तिची गाठ माझ्या अंगावर घेऊन गेले दवाखान्यात, आणि ती केसपेपर शोधायला पळाली. परत आल्यापासून मी नुसती फिरते आहे या खोलीतून त्या खोलीत. तू गरोदर, तुला असलं काही कळू देऊ नये, हेही मला कळतं. त्यावर मी खूप डोकं फोडलं. पण तू लहान नाहीस, तू स्वतःचं दाखवून आलीस. आणि तुझ्याखेरीज ती कोणाचं ऐकणार नाही, कारण तुझ्याच नावाने ती थांबली आहे.

म्हणून हे पत्र, हर्षाली. शपथ माझ्या तोंडाला आहे, तिच्या हाताला नाही. मी कोणाला सांगत नाहीये, ती सांगते आहे, स्वतःच्या अक्षरात. मंगला, लिही: गाठ आजीला नाही, मला आहे, तुझ्या आईला. आणि पोरी, तू एवढंच कर. फोन लाव आणि तिला सांग, तू दाखवून आल्याशिवाय मी माहेरच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, डोहाळजेवणालाही नाही, बाळंतपणालाही नाही. कठोर बोल. तुला जमेल, तू माझी नात आहेस. काही साधंसुधं निघालं तर दोघी मिळून तुझं करू. आणि साधं नाही निघालं, तर तिने उपचार घ्यायचे आणि तुझं बाळंतपण मी करीन. माझे हात थरथरतात, पण बाळ धरलं की थरथरत नाहीत, विचार हवं तर तुझ्या बापाला. आता एकच अडचण आहे. मला अक्षर येत नाही. तुझी आई मघापासून रडते आहे आणि पेन चालवते आहे, पण काय लिहिते आहे ते तिलाच माहीत. कदाचित तुझ्यापुढे ‘इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी’ एवढीच ओळ असेल आणि मी दुपारभर भिंतीशी बोलले असेन. साक्षीकडून वाचून घेता आलं असतं, पण घेणार नाही. तिने लिहिलं असेल तर ते माझ्या धाकाने नको, तिच्या मनाने असावं. शनिवारी संध्याकाळी तुझा फोन वाजला की तो मी तिलाच उचलू देईन, आणि समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहीन. मला तेवढंच वाचता येतं.

तुझीच,
बयाआजी